म्हाताऱ्या घोड्याला आसरा



धर्मगुरूच्या दाराशी माणसे नाना अडचणी घेऊन येतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाच्या घरी बांधावरून भावाभावांत वितुष्ट आलेले असते, कोणाच्या मुलीचे लग्न अडलेले असते. परंतु गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे जो प्रश्न आला, त्याचे उत्तर सेमिनरीत आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध टांगेवाले रविवारची मिस्सा आटोपल्यावर मागे थांबले आणि हातातली टोपी चाचपीत म्हणाले, "फादर, आमच्या घोडीला सोबत पाहिजे. एक म्हातारा घोडा घरी आणावा म्हणतो. आणू का?"

हकिकत अशी होती. या गृहस्थांकडे दोन जनावरे असत. एक सकाळी टांग्याला जुंपावयाचे, दुसरे संध्याकाळी. पुढे रिक्षा आल्या, टांगा बसला; पण जनावरे त्यांनी ठेवली. उपवासकाळात त्यांतला घोडा म्हातारपणाने मेला आणि घोडी एकटी राहिली. ती दिवसभर फाटकाकडे तोंड करून उभी राही, रात्री खिंकाळे, आणि पुढ्यातला कडबा अर्धा तसाच टाकी. शेजारच्या जिल्ह्यात काही स्वयंसेवक टाकून दिलेल्या घोड्यांचे एक आश्रयस्थान चालवतात आणि चांगले घर मिळाल्यास घोडा विनामूल्य देतात, असे टांगेवाल्यांच्या कानी आले होते. मात्र तो घोडा कामास जुंपावयाचा नसतो. तो केवळ सोबतीसाठी.

सूनबाईंचे म्हणणे वेगळे होते. घराची कौले गळत होती, थोरल्या मुलीची कॉलेजची फी भरावयाची होती. जे जनावर काम करीत नाही त्याच्या सोबतीला काम न करणारे आणखी एक जनावर आणावयाचे, हे त्यांना पटत नव्हते. मुलगा बिचारा दोघांच्या मध्ये गप्प. शेवटी सर्वांनी ठरवले, की फादर सांगतील ते करावयाचे.

आम्ही घाईने निवाडा दिला. सूनबाईंचे खरे आहे, असे आम्ही म्हणालो. घोडी विकून टाकावी आणि त्या पैशांत कौले घालावीत. वृद्ध गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तिनं अठरा वर्षं आमची चूल पेटवली, फादर. विकली तर ती कुठं जाईल?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि ते शोधण्याची तसदीही आम्ही घेतली नाही. पुढचे तीन रविवार त्यांची नेहमीची जागा मंदिरात रिकामी राहिली. तेव्हा आम्हाला कळले, की आपण निवाडा दिला खरा, पण प्रश्न ऐकलाच नव्हता.

शास्त्र काय शिकवते?

प्रथम आम्ही पवित्र शास्त्र उघडले. शब्बाथाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही दिलेली आहे, हे अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आपण वाचतो. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, असे त्याच पुस्तकात पुढे आहे. आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव जरी ओझ्याखाली बसलेले दिसले, तरी त्याला उठवण्यास हात लावावा, अशी निर्गमात आज्ञा आहे. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात तर नीतिमान मनुष्याची एक खूण हीच दिली आहे, की तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो. आणि आपल्या प्रभूने शब्बाथाविषयी वाद घालणाऱ्यांना गप्प केले ते कोणत्या दाखल्याने? गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेलेल्या बैलाच्या व गाढवाच्या दाखल्याने. तहानलेले जनावर शब्बाथाच्या दिवशीही सोडावयाचे असते, हे त्याने गृहीतच धरले होते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात परिच्छेद २४१५ ते २४१८ याच विषयावर आहेत. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून माणसाने त्यांच्याशी दयेने वागणे हे त्याचे देणे आहे. त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्याच प्रतिष्ठेस बाधक आहे, असे तेथे सांगितले आहे. मात्र तेथेच असेही बजावले आहे, की जो पैसा प्रथम माणसाचे दुःख दूर करण्याकडे जावयास हवा, तो जनावरांवर उधळणे योग्य नव्हे. म्हणजे सूनबाईंच्या म्हणण्यालाही ख्रिस्तसभेचा आधार होता आणि सासऱ्यांच्या म्हणण्यालाही. दोहोंपैकी एकाला गप्प करणे हे धर्मगुरूचे काम नव्हते. दोन्ही देणी एका घरात कशी फेडता येतील, हे पाहणे हेच खरे काम होते.

विकलेला घोडा कोठे जातो?

वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात फार स्पष्ट लिहिलेले आहे. पहिल्या महायुद्धात इजिप्त व पॅलेस्टाइनच्या रणभूमीवर हजारो घोडे नेण्यात आले. आपल्याकडील जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांचे घोडदळही १९१८ साली त्या भागात लढत होते. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याचे पुष्कळ घोडे परत नेण्याऐवजी इजिप्तमध्येच विकण्यात आले.

१९३० साली डोरोथी ब्रुक नावाची एक बाई आपल्या लष्करी अधिकारी पतीबरोबर कैरोस आली. तेथील रस्त्यांवर गाड्या ओढणाऱ्या, हाडांचा सापळा झालेल्या, आंधळ्या-लंगड्या घोड्यांच्या अंगावर तिला सैन्याची जुनी डागणी दिसली. एके काळी ज्यांच्या पाठीवर बसून सैन्य जिंकले होते, तेच हे घोडे. १९३१ साली तिने लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' पत्रात याविषयी एक पत्र लिहिले. लोकांनी पैसे पाठवले, आणि सुमारे तीन वर्षांत तिने असे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांपैकी बहुतेक इतके झिजलेले होते, की त्यांना काही दिवस सावली, पाणी व पोटभर वैरण देऊन नंतर वेदनारहित मरण द्यावे लागले. १९३४ साली तिने कैरोत घोड्यांचे विनामूल्य रुग्णालय उघडले. ही बाई घोड्यांच्या मालकांना शिव्या देत बसली नाही. ज्याचे जनावर उपाशी आहे, तो स्वतःही बहुधा उपाशीच असतो, हे तिने ओळखले होते. तिच्या नावाने चालणारी संस्था आज भारतातही टांग्यांच्या आणि वीटभट्ट्यांवरच्या जनावरांसाठी काम करते.

तात्पर्य, विकलेल्या म्हाताऱ्या घोड्याला विश्रांती मिळत नाही. त्याला आणखी स्वस्त, आणखी गरीब मालक मिळतो. हा प्रश्न आजही संपलेला नाही. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवल्या; गावोगावचे टांगे त्याआधीच थांबत आले होते. वरातीचा घोडा लंगडू लागला, शर्यतीचा हरू लागला, की पुष्कळदा त्याला हमरस्त्यावर सोडून देण्यात येते. वाचकांनी ध्यानात ठेवावे, की भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे.

आश्रयस्थानात

चौथ्या रविवारी आम्ही स्वतः त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो, आमची घाई कबूल केली, आणि पुढल्या सोमवारी त्यांना, त्यांच्या मुलाला व सूनबाईंना बरोबर घेऊन आश्रयस्थान पाहण्यास निघालो. रिकाम्या हाताने कसे जावे, म्हणून आम्ही हरभऱ्याची एक पिशवी आणि गुळाची ढेप घेतली होती.

जागा साधी होती: पत्र्याचे छप्पर, बांबूची कुंपणे, पाण्याची मोठी टाकी. पगारी माणूस एकच, रात्रीचा राखणदार. बाकी सर्व स्वयंसेवक: कॉलेजची मुले-मुली, एक निवृत्त बँक कारकून, आणि आठवड्यातून एकदा येणारे पशुवैद्य. त्यांच्यात आपल्या धर्माचा एकही नव्हता, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. आम्ही प्रवचनात ज्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो, तो त्या दिवशी आम्हाला शेणाची पाटी उचलताना दिसला.

एका कोपऱ्यात नुकताच आणलेला, बरगड्या मोजाव्यात असा एक घोडा उभा होता. आम्ही मोठ्या उत्साहाने पिशवी सोडून ओंजळभर हरभरे त्याच्या पुढे केले. तेथील एका तरुणीने हात आडवा घालून नम्रपणे म्हटले, "फादर, याने तो मरेल." मग तिने समजावून सांगितले. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याचे शरीर प्रथम स्वतःची चरबी आणि मग स्वतःचे मांस खाऊन जगत असते. अशा वेळी एकदम दाण्याची चंदी किंवा गूळ दिला, तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये झपाट्याने घटतात आणि तीन ते पाच दिवसांत हृदय बंद पडू शकते. यास्तव त्याला लसूणघास थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा देतात, आणि दहा दिवसांत मात्रा हळूहळू वाढवतात. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. पोटात जे चुकीचे गेले ते बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नाही. म्हणूनच पोटशूळ हा त्याचा मोठा वैरी.

आमची पिशवी आम्ही मुकाट्याने बांधून ठेवली. दया ही चांगली गोष्ट खरी, पण अडाणी दयेनेही जीव जातो, हा धडा आम्हाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मिळाला.

घोडा एकटा का राहू शकत नाही?

"सोबतीला एखादी शेळी नाही का चालणार?" असे सूनबाईंनी तेथे विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. शेळी किंवा गाढव यांचाही एकट्या घोड्याला काही आधार होतो. पण घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. उघड्या माळावर वाघ-लांडग्यांच्या भयात त्याच्या असंख्य पिढ्या गेल्या. उभ्या उभ्या तो डुलकी घेतो. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि कळपात एक जण उभा राहून पहारा देत असेल तेव्हाच बाकीचे निर्धास्त आडवे होतात. ज्याला पहारेकरी नाही, त्याची झोप अपुरी राहते. दोन घोडे एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तेथे, दातांनी खाजवताना आपण पाहतो. त्या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले. उन्हाळ्यात दोघे उलटसुलट तोंडे करून उभे राहतात आणि एकाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडावरच्या माश्या वारते. हे काम शेळीला कसे जमावे?

बंदिस्त व एकटे ठेवलेले घोडे पुष्कळदा जागच्या जागी डुलत राहतात किंवा लाकूड चावत सुटतात. लोक याला वाईट खोड म्हणतात. बहुधा ते दुःख असते.

घराची परीक्षा

आमची समजूत होती, की विनामूल्य घोडा देणारे लोक घेणाऱ्याचे उपकारच मानतील. प्रत्यक्षात त्यांनी आमचीच परीक्षा घेतली. आठ दिवसांनी दोन स्वयंसेवक घर पाहण्यास आले आणि त्यांनी स्वच्छ नकार दिला. कुंपण काटेरी तारेचे होते. घाबरलेला घोडा त्यात अडकला तर अंग फाडून घेतो. छप्पर बुटके होते, आणि दुपारच्या सावलीची सोय नव्हती. "हे सुधारा, मग बोलू," असे सांगून ते गेले. वृद्ध गृहस्थांना राग आला. सारा जन्म घोड्यांत घालवलेल्या माणसाला कॉलेजच्या पोरांनी शिकवावे काय? पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते तार सोडवताना दिसले.

याच वेळी आम्ही घरातील सर्वांना बसवून कागदावर हिशेब मांडला. लहान चणीच्या, तीनशे किलो वजनाच्या घोड्याला दररोज वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे सहा किलो कोरडी वैरण लागते. वर्षाला जवळजवळ बावीस क्विंटल. पाणी रोज वीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. चाटावयास मीठ. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात, मग नाल मारलेली असो वा नसो. वर्षातून एकदा दातांची तपासणी, शेणाची तपासणी करून जंतांचे औषध, आणि धनुर्वाताची लस. चांगली निगा राखल्यास घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. म्हणजे वीस वर्षांचा घोडा आणणाऱ्याने आणखी दहा वर्षांची तयारी ठेवावयास हवी. "आज आहे, उद्या बघू" असे म्हणणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

आम्ही एकच अट घातली: मुलीच्या फीला आणि घराच्या कौलांना हात लागता कामा नये. ती दोन कामे प्रथम. सूनबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा कुठे उतरला. आणि मार्गही त्यांनीच काढला. एक घोडा दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकतो. शेजारच्या दोन शेतकऱ्यांना खत हवे होते, त्यांच्याकडे ज्वारीचा कडबा होता. खताच्या बदल्यात कडबा ठरला. वृद्ध गृहस्थांनी आपली तंबाखू सोडली आणि तो पैसा खूर-दातांच्या खर्चासाठी डब्यात टाकण्याचे कबूल केले. आधी छपरावर कौले चढली, मग तबेल्याचे छप्पर उंच झाले. यात पावसाळा संपला.

त्यानंतर स्वयंसेवक पुन्हा आले आणि त्यांनी करारपत्र दिले. घोड्याची मालकी आश्रयस्थानाकडेच राहील. त्याला विकावयाचे नाही, दुसऱ्यास द्यावयाचे नाही, गाडीला वा शर्यतीला जुंपावयाचे नाही. ते केव्हाही येऊन पाहतील. आणि घरावर संकट आले तर त्याला परत घेतील. हे शेवटचे कलम आम्हाला फार मोलाचे वाटले. ज्याला परत जाण्यास जागा आहे, तो रस्त्यावर पडत नाही. घोडा देण्यापूर्वी त्याचे रक्त ग्लँडर्स रोगासाठी तपासून घेतले होते. हा जीवघेणा रोग माणसालाही होऊ शकतो, आणि २००६ साली तो महाराष्ट्रात पुन्हा उद्भवला होता. तेव्हा कोणीही कोठूनही घोडा आणताना ही तपासणी टाळू नये.

दोघांची भेट

आला तो एका डोळ्याने आंधळा, खच्ची केलेला, सुमारे वीस वर्षांचा तांबूस घोडा. पूर्वी तो वरातीत नाचत असे. पहिले तीन आठवडे त्याला वेगळे ठेवले. कारण सोबत दिसणाऱ्या घोड्याच्या घशात रोग दडलेला असू शकतो. मग दोघांना कुंपणाच्या दोन बाजूंना उभे केले. घोडीने कान मागे टाकले, किंचाळली, पाय आपटले. नातवंडे घाबरली, पण वृद्ध गृहस्थ हसले. चौथ्या-पाचव्या दिवशी कुंपणावरून दोघांची नाके जुळली. तेव्हा फाटक उघडले. कोणी कोपऱ्यात कोंडले जाऊ नये म्हणून मोकळ्या जागेत सोडले, आणि दोघांसाठी वैरणीचे तीन ढीग दूर दूर टाकले. म्हणजे एकाने हुसकले तरी दुसऱ्याला खावयास जागा उरते. ही युक्ती मात्र कॉलेजच्या पोरांनी वृद्ध गृहस्थांकडून घेतली.

घोडी आता कडबा संपवते. घोड्याच्या आंधळ्या बाजूला ती उभी राहते. असे का, हे आम्ही सांगू शकत नाही, पण पाहिले आहे खरे. थोरली मुलगी कॉलेजला जाते. आणि वृद्ध गृहस्थ रविवारी आपल्या जागेवर असतात.

हा आनंद फार वर्षांचा नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. एके दिवशी दोघांपैकी एकाला असे दुखणे येईल, की त्यावर उपाय नसेल. तेव्हा पशुवैद्याच्या हातून त्याला शांत मरण देणे हे पाप नव्हे. केवळ आपल्याला निरोप घेववत नाही म्हणून त्याला यातनेत ठेवणे, हेच निर्दय ठरेल. त्यानंतर उरलेल्याला पुन्हा सोबत लागेल, आणि वृद्ध गृहस्थांच्या थोरल्या नातीने ते ओझे आधीच स्वीकारले आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी फार थोड्यांच्या दारी घोडा असेल. पण जन्मभर राबलेला बैल, आटलेली म्हैस, राखण करून म्हातारा झालेला कुत्रा बहुतेकांच्या दारी आहे. प्रत्येकाला आपण सारेच ठेवू शकणार नाही, हे आम्ही जाणतो. घरात मूल उपाशी असताना तसे करू असे वचन देणे खोटे होईल. परंतु दावे सोडण्यापूर्वी वृद्ध गृहस्थांनी आम्हाला विचारलेला प्रश्न स्वतःला एकदा विचारावा: विकले, तर ते कोठे जाईल? आणि ज्या दिवशी आपण काम करण्याच्या पलीकडे जाऊ, त्या दिवशी आपल्या मुलाबाळांनी हा प्रश्न आपल्याविषयी कोणत्या स्वरात विचारावा असे वाटते, तेही मनाशी पाहावे. मुले हा स्वर घरातच शिकतात, आणि पुष्कळदा तबेल्यातच शिकतात.

१७ जानेवारीस मठवासी संत अंतोनी यांचा सण येतो. त्या दिवशी जनावरांना आशीर्वाद देण्याची ख्रिस्तसभेत जुनी चाल आहे. येत्या सणाला आमच्या मंदिराच्या पटांगणात तो विधी होईल. दुभती, राबती जनावरे तर आणाच. पण थकलेले, लंगडे, आंधळे जनावर असेल, तर त्याला लाजून घरी ठेवू नका. पवित्र पाणी त्याच्यावर आम्ही सर्वांआधी शिंपडू.